टोपीकाकूंच्या घरचं झाड

"टोपी अडकली, बाई. म्हणजे अजून दोन फांद्या जाणार," टोपीकाकूंनी शिडीवरून जाहीर केलं.

खाली उभ्या असलेल्या मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. उभा जन्म त्यांनी पोरांना गप्प बसवण्यात घालवला होता, पण परसातल्या प्लमच्या झाडाचा विषय निघाला की टोपीकाकूंपुढे त्यांचं काही चालत नसे.

"अहो, निम्मं झाड खाली आलंय. आता उरलं काय?"

"उरलंय ते फळ देईल. पडलंय ते नुसती गर्दी करत होतं. तुम्ही एका बाकावर सात पोरं बसवली असती तर एकाचं तरी अक्षर धड आलं असतं का?"

मोठ्या बाईंना हे पटलं, आणि पटल्याचं दाखवायचं नव्हतं म्हणून त्या चहा ठेवायला आत गेल्या.

छाटणी पुरी झाली की नाही हे ठरवायची टोपीकाकूंची एकच कसोटी होती. डोक्यावरची गवती टोपी काढायची आणि झाडाच्या मधून पलीकडे भिरकावायची. कुठेही न अडकता ती पलीकडे पडली तर ऊन आणि वाराही आत शिरणार. अडकली तर करवत पुन्हा बाहेर. आत ऊन शिरलं की फळाला चहूबाजूंनी रंग चढतो, गोडी येते, आणि दुकानात आलेल्या माणसाचा हात दुसरीकडे कुठे न जाता त्याच फळाकडे जातो. सव्वीस वर्षं त्या हेच काम करत होत्या आणि त्या टोपीवरूनच त्यांना हे नाव पडलं होतं. झाडाच्या बाबतीत त्या कुणाची भीड ठेवत नसत. "ही फळं तुम्ही पाहुण्यांना देता? मग पाहुणे पुन्हा फिरकत नसतील," असं त्यांनी एका वकिलाला तोंडावर सांगितलं होतं. तेव्हापासून वकील दर वर्षी त्यांनाच बोलावतात.

दोन फांद्या उतरवून त्या टोपी पुन्हा फेकणार, तेवढ्यात कुंपणाशी सायकल येऊन थांबली. बाजारातली फळवाली होती. भर गर्दीच्या वेळी दुकान सोडून ती आली होती.

"काकू, खाली या. मास्तरांना कळलं."

"काय कळलं?"

"सगळं. टोपली परत न्यायला आले होते. मी पुढे गिऱ्हाइकांत होते, म्हणून ते मागच्या दाराने शिरले. कोंबड्यांसाठी काढलेला माल मी तिथंच ठेवते ना. तुमची टोपली त्यातच होती, कालपासून तशीच. त्यांनी टोपलीतल्या कापडाला हात लावला आणि ओळखलं."

"काय म्हणाले?"

"काहीच नाही. टोपली उचलली, 'बरं आहे' म्हणाले आणि गेले. काकू, चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं."

टोपीकाकू शिडीवरून उतरल्या. टोपी फेकायची राहिलीच.

मास्तर म्हणजे काकूंचे यजमान. बाजारपेठेत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि अर्ध्या गावाचे कोट त्यांच्या हातचे होते. दुकान उघडलं त्या वर्षी त्यांनी स्वयंपाकघराच्या मागे प्लमचं रोप लावलं आणि त्याच दिवशी बायकोला बजावून ठेवलं, "याला हात लावायचा नाही. दिवसभर मी कापतो, दिवसभर तू कापतेस. घरात एक तरी गोष्ट न कापलेली असू दे." तेव्हा काकू हसल्या होत्या. नवी नवरी होती, हसण्यावारी गेलं. पुढे झाड वाढलं, एकात एक घुसून त्याचं जंगल झालं, आणि गावभर करवत चालवणाऱ्या बाईच्या स्वतःच्या परसात असं झाड असावं याची लोक गंमत करू लागले. काकू ती गंमत सोसत राहिल्या.

चार वर्षांपूर्वी मास्तरांची नजर अधू झाली. समोरचं माणूस दिसे, त्याचा चेहरा दिसत नसे. सुईत दोरा जाईना तसं त्यांनी दुकान बंद केलं. त्याच उन्हाळ्यात झाडाची फळं काढून, टोपलीला उरलेल्या साटिनचं अस्तर लावून, ते फळवालीकडे घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी फळवाली काकूंना गाठून म्हणाली, "गोटीएवढी आहेत, काकू. एका अंगाने हिरवी. तोंडात घातलं तर डोळे मिटतात. काय करू?" आणि जी बाई वकिलाला तोंडावर बोलली, ती म्हणाली, "घेऊन ठेव. कोंबड्यांना घाल. पण त्यांना सांगू नकोस."

त्यानंतर चार वर्षं फळांच्या दिवसांत रोज संध्याकाळी मास्तर विचारायचे, "आज किती गेली?" आणि काकू सांगायच्या, "सगळी."

त्या घरी पोहोचल्या तेव्हा मास्तर मागच्या पायरीवर बसले होते. टोपली मांडीवर. अस्तराच्या शिवणीवरून त्यांचं बोट फिरत होतं.

"कोंबड्यांना आवडली का?" त्यांनी विचारलं.

"अहो..."

"चार वर्षं मी विचारतोय, किती गेली. चार वर्षं तू सांगतेस, सगळी."

"जात होती सगळीच," काकू म्हणाल्या. बोलता बोलताच त्यांना कळलं की हे बोलायला नको होतं.

"गावभर टोपी फेकत फिरतेस. मला मात्र घातलीस."

दुसरी कुठली वेळ असती तर दोघंही हसली असती. काकू त्यांच्याशेजारी बसल्या. "तुमचं मन मोडवेना. दुकान नुकतंच बंद झालं होतं."

"माझ्या हातून मापात चूक झाली की गिऱ्हाईक तोंडावर सांगायचं. मी उसवायचो, परत शिवायचो. माझी दया येऊन कुणी तोकड्या बाहीचा कोट घालून घरी गेलं नाही." मास्तरांनी टोपली खाली ठेवली. "तू मला उसवायची संधीच दिली नाहीस."

काकू उठून आत गेल्या. त्यांनी चहा केला.

"चहा ठेवलाय," त्या म्हणाल्या.

"खरं?" मास्तरांनी विचारलं.

इथून ते सुरू झालं. मास्तर रागावले नाहीत, अबोला धरला नाही, ताटावरून उठले नाहीत. फक्त काकूंच्या प्रत्येक वाक्यामागे ते एक शब्द लावू लागले, तोही अगदी साध्या आवाजात, किती वाजले विचारावं तसा. बाहेर वारा सुटलाय. खरं? पोस्टमन येऊन गेला. खरं? तुमचा सदरा उलटा आहे. खरं? सदरा खरोखरच उलटा होता आणि ते तसेच बाजारात जाऊन आले. आठव्या दिवशी काकू रडकुंडीला आल्या. सव्वीस वर्षांत शिडीवरून तीनदा पडल्या होत्या, एकदा मनगट मोडलं होतं, पण त्या एका शब्दाने झाले तसे हाल कशानेच झाले नव्हते.

नवव्या दिवशी सकाळी मास्तर म्हणाले, "ते झाड काढून टाक. मुळापासून."

काकूंच्या ओठांवर "बरं" आलं होतं. घरात शांतता नांदावी म्हणून त्या काहीही कबूल करायला तयार होत्या. पण गोष्ट झाडाची होती.

"नाही काढणार. झाड चांगलं आहे. फळ वाईट आहे, आणि ते तुमच्यामुळे."

मास्तरांनी मान वर केली. "खरं?"

"अगदी खरं. फळ गोटीएवढं, आंबट, बघितल्यावर हात पुढे करावासा वाटत नाही असं. का? तर पाच-सहाशे फळं एकमेकांच्या उरावर बसलीत, आणि झाडाच्या पोटात वर्षानुवर्षं ऊन गेलेलं नाही. परक्या घरी असं झाड दिसलं असतं तर मी मालकाला उभं-आडवं घेतलं असतं."

"मग मला का नाही घेतलंस?"

"तुमच्याशी लग्न केलंय ना."

मास्तरांच्या मिशीचं टोक किंचित हललं. नऊ दिवसांत पहिल्यांदाच. "थंडीपर्यंत थांबायचं का कापायला?"

"नाही, आत्ताच. फळं उतरलीत, हवा कोरडी आहे, जखम भरून येईल. ओल्या थंडीत प्लमला करवत लावली की त्या जखमेतूनच रोग शिरतो."

"मी शिडी धरतो. पण एक अट. प्रत्येक फांदी कापायच्या आधी मला सांगायचं, का कापतेस ते. आणि खरं सांगायचं."

त्या दिवशी टोपीकाकूंनी जन्मात केली नसेल इतकी सावकाश छाटणी केली. एरवी तासाभराचं काम, पण मास्तरांना प्रत्येक फांदीची चौकशी होती. दिसत नव्हतं म्हणून काकूंनी त्यांच्या हातात काड्या दिल्या. "ही बघा, लांब, गुळगुळीत, सरळ वर गेलेली. ही नुसती मिरवते, फळ देत नाही. आणि ही आखूड, गाठीगाठींची. फळ इथं धरतं. नवशिके काय करतात, झाड स्वच्छ दिसावं म्हणून या गाठीच साफ करतात आणि पुढच्या वर्षी फळ का नाही म्हणून विचारत येतात."

मास्तरांनी आखूड काडीवरून अंगठा फिरवला. "ही बटणं. आणि ती लांब म्हणजे लोंबणारा दोरा."

"तसंच."

"मग दोरा तोडायचा आणि बटणाला हात लावायचा नाही. एवढं सोपं होतं तर सव्वीस वर्षं मिजास कसली करतेस?"

काकू शिडीवर इतक्या हसल्या की मास्तरांना शिडी दोन्ही हातांनी धरावी लागली.

दुपारकडे स्वयंपाकघराच्या खिडकीवरची फांदी आली. जाडजूड, आडवी, सगळ्यात जुनी. मास्तरांनी हात वर करून ती चाचपली. दुकान बंद झाल्यावर घरी आणलेलं शिलाई यंत्र पहिले काही महिने त्यांनी या फांदीखाली मांडलं होतं. उजेड जास्त मिळेल, मग दोरा ओवता येईल, या आशेवर. नंतर यंत्र माळ्यावर गेलं.

"हिला फळ येतं का?" त्यांनी विचारलं.

एक शब्द पुरला असता. येतं, म्हटलं असतं की फांदी राहिली असती, आणि मास्तरही खूश झाले असते. काकूंनी करवत फांदीला टेकवली.

"नाही. आणि खालच्या तीन फांद्यांचं ऊन ही अडवते."

मास्तरांनी फांदीवरून एकदा हात फिरवला. मग त्यांनी हात काढला आणि पुन्हा शिडी धरली. "काप."

फांदी पडली तसं स्वयंपाकघरात एकदम लख्ख झालं. भिंतीवरचे डाग दिसायला लागले. काकू म्हणाल्या, आता रंग काढावा लागणार. मास्तर म्हणाले, खरं? पण या वेळी ते हसत होते.

शेवटी टोपी. काकूंनी ती मास्तरांच्याच हातात दिली. पूर्वेच्या बाजूने फेकली तेव्हा ती सरळ पलीकडे जाऊन गवतात पडली, आणि तो आवाज ऐकून मास्तरांनी शाळकरी पोरासारखी मूठ उगारली. पश्चिमेकडून फेकली तर मध्येच अडकली.

"काप अजून," मास्तर म्हणाले. आता त्यांना चेव चढला होता.

"नाही. एका वर्षात तिसऱ्या हिश्शाहून जास्त घेतलं की झाड बिथरतं, नुसते दोरेच सोडतं. पश्चिमेकडची बाजू पुढल्या खेपेला."

"म्हणजे त्या बाजूची फळं आंबटच?"

"आंबटच."

काकूंनी काठीने टोपी काढली.

थंडी सरली, झाड फुललं, आणि फुलांच्या जागी हिरवे मणी धरले. तेव्हा काकूंनी दुसरी अप्रिय गोष्ट सांगितली. यातले निम्म्याहून जास्त तोडायचे. फळाफळांत चार बोटं अंतर हवं, तरच उरलेली फुगतात. मास्तरांना चार बोटं हे माप मान्य नव्हतं. कुणाची बोटं? त्यांनी ट्रंकेतून मोजायची फीत काढली, गळ्यात अडकवली, आणि सलग तीन सकाळी ते खालच्या फांद्यांवरची हिरवी फळं तीन-तीन इंचांवर ठेवत गेले. डोळ्यांचं काम बोटं करत होती. तोडलेल्या प्रत्येक फळाला ते हळूच "माफ कर" म्हणायचे. वरच्या फांद्यांवर काकू चार बोटांनीच भागवत होत्या आणि खालून त्यांना विचारणा होत होती, "अंदाजे चाललंय ना तुझं?" फीत गळ्यात आली तशी मास्तरांची पाठही सरळ झाली होती. काकूंनी हे पाहिलं, पण त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर "खरं?" आलं असतं. ते आता कमी झालं होतं, गेलं नव्हतं.

उन्हाळ्यात फळं उतरली. पूर्वेकडची अंड्याएवढी, गर्द जांभळी, आणि प्रत्येकावर ती पांढुरकी झाक, काचेवर श्वास सोडल्यावर येते तशी. बोट लागलं की ती पुसली जाते, आणि पुसलेलं फळ ताजं असलं तरी शिळं दिसतं. म्हणून मास्तरांनी एकेक फळ देठाला धरून काढलं आणि साटिनवर ठेवलं. रेशमाला डाग न लावता जन्म काढलेला हात होता तो. पश्चिमेकडची फळं त्यांनी वेगळ्या पिशवीत भरली. ती मोठी झाली होती, पण एका अंगाने हिरवीच होती.

काकू आदल्या दिवशीच फळवालीला भेटून आल्या होत्या. "या वेळी खोटं बोललीस तर माझ्याशी गाठ आहे."

मास्तर पुढच्या दाराने दुकानात शिरले. फळवालीने टोपलीतलं एक फळ उचललं, उजेडात धरलं, चावलं. रस हनुवटीवर आला. ती पुढच्या मांडणीवरची नासपती बाजूला सरकवू लागली.

"ही इथं. रस्त्यावरून दिसतील अशी," ती म्हणाली. मग पिशवीतलं एक खाल्लं आणि तिने डोळे मिटले. "ही नाही चालायची, मास्तर. ही कोंबड्यांना."

"कोंबड्यांना माझा नमस्कार सांगा," मास्तर म्हणाले. इतक्या खुशीत त्यांना कुणी नकार स्वीकारताना पाहिलं नसेल.

मग घरी जायचं सोडून ती दोघं रस्त्यापलीकडच्या बाकावर जाऊन बसली. मास्तरांना दुकान दिसत होतं ते रंगाचा एक पट्टा म्हणून. मांडणीवर पहिल्या टोपलीतली सत्तावीस फळं होती.

"कोण आलं?"

"मोठ्या बाई. आपलं फळ उचललं. उलटं केलं. बोटाने दाबलं."

"दाबू नये म्हणावं."

"ठेवलं परत. नासपती घेतली. चालल्या."

मास्तरांचा चेहरा पडला. सांगितलं नसतं तरी चाललं असतं, असं काकूंच्या मनात आलं. पण सांगून झालं होतं.

"आता एक बाई आली, बाबागाडी घेऊन. चार घेतली. नाही, पाच. एक गणवेशातला माणूस. दोन घेतली, एक तिथंच खातोय. सांडलं शर्टावर."

"कुठला रंग?"

"पांढरा."

"गेला शर्ट," मास्तर समाधानाने म्हणाले.

माणसं येत होती, जात होती. कुणी प्लमकडे बघितलंही नाही, कुणी बघून पुढे गेलं, कुणी थांबलं. काकू सगळं सांगत होत्या, एकही गिऱ्हाईक न गाळता. मध्येच मोठ्या बाई परत आल्या, इकडेतिकडे बघितलं आणि गुपचूप सहा फळं पिशवीत टाकली. हेही काकूंनी सांगितलं, आणि मास्तर बराच वेळ गालातल्या गालात हसत राहिले.

ऊन उतरलं. फळवाली मांडणीवरची छत्री मिटायला बाहेर आली.

"किती गेली?" मास्तरांनी विचारलं.

अगदी तसंच, चार वर्षं रोज संध्याकाळी विचारत होते तसंच. काकूंनी मांडणीकडे पाहिलं. दोनदा मोजलं.

"तेवीस. चार राहिली. त्यातल्या एकावर चट्टा आहे."

मग त्या थांबल्या. त्या 'खरं?' शब्दाची त्यांना आता इतकी सवय झाली होती की त्याच्यासाठी जागा सोडल्याशिवाय पुढचं वाक्य बोलता येत नसे.

मास्तर काही बोलले नाहीत. त्यांनी रिकामी टोपली मांडीवर घेतली, आतलं साटिन काढलं, चारी कडा बोटांनी जुळवल्या आणि त्याची घडी घालत बसले.